जामठ्याला मॅच पाहायला गेले अन् हातात पोलिसांचा कागद आला, तर काय करायचं

आधी माझ्या चुलतभावाचा किस्सा ऐका. नागपूरजवळच्या जामठा स्टेडियमवरची मॅच सुटली होती, पार्किंगकडं जाणारा रस्ता बॅरिकेड लावून बंद, मागून गर्दी ढकलून राहिली, अन् हा पठ्ठ्या पुढं जाऊन हवालदाराशी हुज्जत घालत बसला. आवाज चढला, तोंडातून दोन-चार शिव्या गेल्या, झालं, गाडीत टाकून ठाण्यात नेलं. दोन-तीन तासांनी कागदावर सही घेऊन सोडलं, दुसऱ्या दिवशी कोर्टात उभं केलं, साहेबांनी विचारलं गुन्हा कबूल आहे का, हा म्हणे हो, थोडाफार दंड भरला अन् घरी आला. रात्री आम्ही त्याला सावजी खायला नेलं अन् चिडवलं, की तिकिटापेक्षा दंड स्वस्त पडला तुला. तीन वर्षांनी एका सरकारी भरतीच्या फॉर्ममध्ये 'आपल्यावर कधी खटला झाला आहे काय' असा रकाना होता, तिथं त्यानं बिनधास्त 'नाही' लिहिलं, कारण त्याच्या डोक्यात तो दंड म्हणजे ट्रॅफिकच्या चलानसारखाच होता. पडताळणीत बरोबर निघालं. पुढं काय झालं ते शेवटी सांगतो.

हे सगळं नागपुरात नवीन आलेल्यांसाठी लिहून राहिलो, मिहानमध्ये नोकरी लागली असेल, होस्टेलवर राहत असाल, पहिल्यांदाच स्टेडियमला चालले असाल. मी वकील नाही, मामेभाऊ जिल्हा कोर्टात वकिली करतो, त्याचं डोकं खाऊन खाऊन जे समजलं ते सांगतो. मॅचच्या दिवशी लोक 'दंड किती' एवढंच विचारतात. ते नंतर विचारा. आधी बघा की तुमच्या हातात कोणता कागद पडला.

घरून निघायच्या आधी

जामठ्याचं स्टेडियम २००८ पासून आहे, शहराच्या बाहेर वर्धा रोडवर, अन् आत साधारण ४५ हजार माणूस बसतो. हा सगळा माणूस त्याच एका हायवेनं येतो अन् त्याच हायवेनं परत जातो, एवढं समजलं की निम्म्या भानगडी कशामुळं होतात ते समजलं. शक्य असेल तर मेट्रोनं खापरीपर्यंत जा अन् पुढं ऑटो किंवा बस पकडा. परतीची शेवटची गाडी किती वाजता ते सकाळीच बघून ठेवा, कारण मॅच वेळेवर संपेल याची गॅरंटी नसते. सप्टेंबर २०२२ चा ऑस्ट्रेलियाविरुद्धचा टी-ट्वेंटी आठवते ना, मैदान ओलं म्हणून आठ-आठ ओव्हरचा झाला अन् तोही रात्री उशिरा सुरू झाला, लोक घरी कधी पोचले ते त्यांनाच माहीत.

बाइकनं जाणार असाल तर लायसन्स पाकिटात असू द्या. डिजिलॉकर किंवा एम-परिवहन ॲपमधली कागदपत्रं कायद्यानं चालतात, पोलिसांना ती मान्य करावीच लागतात, पण स्टेडियममध्ये पॉवर बँक नेऊ देत नाहीत अन् दिवसभर व्हिडिओ काढून रात्री अकरा वाजता नाकाबंदीत फोनच बंद पडलेला असतो, तेव्हा डिजिलॉकर काय दाखवणार.

हेल्मेट पण आत जाऊ देत नाहीत म्हणून पोट्टे घरीच ठेवून येतात. ते करू नका, गाडीला लॉक करायची साखळी मिळते ती घ्या. हेल्मेट मागं बसणाऱ्यालाही लागते. विदाऊट हेल्मेट अन् ट्रिपल सीट, दोन्हीला दंडासोबत तीन महिने लायसन्स अपात्र ठरवायची तरतूद २०१९ च्या दुरुस्तीपासून कायद्यात आहे, अन् मॅचच्या दिवशी एका बाइकवर तिघं झेंडा घेऊन चालले हे दृश्य तर कॅमेऱ्याला फारच आवडते.

घरातल्या १६-१७ वर्षांच्या पोराला गाडी द्यायची नाही म्हणजे नाही. अपघात सोडाच, नुसता पकडला तरी पालकाला किंवा गाडीमालकाला २५ हजार दंड अन् तीन वर्षांपर्यंत कैद लिहिलेली आहे, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते अन् त्या पोराला २५ वर्षांचा होईपर्यंत लायसन्स मिळत नाही.

गाडी कुठं लावायची

ठरवून दिलेल्या पार्किंगमध्ये. ते लांब पडते, चालावं लागते, मान्य आहे. पण सर्व्हिस रोडला, हायवेच्या कडेला किंवा कोणाच्या शेताच्या तोंडाशी गाडी लावून गेलात तर चलान पहिल्यांदा ५०० अन् परत सापडलात तर १५००, उचलून नेली तर टोइंगचा खर्च वेगळा. अन् गाडीमुळं रस्ताच अडला असेल तर भारतीय न्याय संहितेचं, म्हणजे जुन्या आयपीसीच्या जागी आलेल्या कायद्याचं, कलम २८५ पण लागू शकते, त्यात ५ हजारांपर्यंत दंड आहे, पण मुद्दा पाच हजारांचा नाही, मुद्दा हा की ते चलान नसते, तो गुन्हा असतो.

शेतात, मोकळ्या प्लॉटवर कोणीही पोट्टा उभा राहून शंभर-दोनशे घेऊन गाडी लावून देतो. त्याच्या चिठ्ठीला पोलिसांपुढं काही किंमत नाही, जागा परवानगीची आहे का ते बघूनच लावा. अन् जागेचा एक फोटो काढून ठेवा, आजूबाजूचा खांब नाहीतर बोर्ड त्यात दिसला पायजे. पुढं चलानवर आक्षेप घ्यायचा झाला तर तोच कामी येतो.

मित्राची गाडी नेली असेल तर लक्षात ठेवा, ई-चलान गाडीमालकाच्या नावानं जाते. दोन महिन्यांनी मित्राला समजते अन् मग मैत्रीत खटका उडतो.

गेटवर

नागपूरकरांचा सगळ्यात मोठा प्रश्न गेटवर असतो अन् तो म्हणजे खिशातला खर्रा. नवीन आलेल्यांना सांगतो, सुपारी, तंबाखू अन् चुना प्लॅस्टिकच्या पन्नीत घोटून इथं पानठेल्यावर मिळतो तो खर्रा. गुटखा राज्यात २०१२ पासून बंद आहे अन् त्यानंतर सुगंधित तंबाखू-सुपारीवर पण बंदी आली, ठेल्यावर मिळते म्हणजे चालते असं नाही. गेटवर तपासणीत निघाला की कोपऱ्यातल्या ढिगात जातो. तिथं 'भाऊ, एकच पुडी आहे' म्हणून वाद घालणारे दर मॅचला दिसतात, अन् वाद वाढला की मग खर्रा बाजूला राहतो अन् वादाचीच कारवाई होते. सिगारेटचं पण तेच, स्टेडियम उघडं असलं तरी कायद्यानं सार्वजनिक जागाच आहे, २०० रुपयांपर्यंत दंड.

तिकीट ब्लॅकमध्ये घेऊ नका. घेतलंच अन् गेटवर ते डुप्लिकेट निघालं, तर खरं म्हणजे तुमची फसवणूक झालेली असते, पण त्या क्षणी खोटं तिकीट तुमच्या हातात असते अन् चौकशी तुमच्यापासून सुरू होते. पैसे कोणाला पाठवले त्याचा स्क्रीनशॉट, चॅट, नंबर काही डिलीट करू नका. पळून तर अजिबात जाऊ नका, पळाला म्हणजे सामील असेल असंच समजतात. जवळचं जास्तीचं तिकीट चढ्या भावानं विकायला उभं राहणं हा धंदा पण नको, एक विकणारा अन् पन्नास विकणारा यात साध्या वेशातला पोलिस फरक करत बसत नाही.

आत बसल्यावर

मैदानात धावत जाऊ नका हे सांगायची गरज नसावी पण आहे. ५ मार्च २०१९ ला याच मैदानावर वनडेत 'थाला' लिहिलेली जर्सी घातलेला एक जण आत घुसला अन् धोनी त्याला हुलकावण्या देत पळत राहिला, सगळं स्टेडियम हसून राहिलं, टीव्हीवर पण गंमत म्हणून दाखवलं. ते पाहून पुढच्या मॅचला कोणाला तरी चेव येतोच. कागदावर ती घुसखोरी असते, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड, अन् अडवणाऱ्या पोलिसाला धक्का लागला की प्रकरण एकदम वर जाते. ते कलम खाली येईल.

तिरंगा न्या, पण त्यावर मार्करनं आपलं नाव, गावाचं नाव, खेळाडूचं नाव लिहू नका. राष्ट्रीय सन्मानाच्या १९७१ च्या कायद्यात झेंड्यावर लिहिणं हा अपमान धरलेला आहे अन् शिक्षा तीन वर्षांपर्यंत आहे. बहुतेकांना हे माहीतच नसते. कंबरेला झेंडा गुंडाळणं पण त्यातच येते. लिहायचं असेल तर साधा कागदी फलक घ्या.

फोनवरून एक विचित्र भानगड होते ती नवीन माणसाच्या लक्षात येत नाही. टीव्हीवर मॅच काही सेकंद उशिरा दिसते, मैदानात बसलेल्याला चेंडूचा निकाल आधी समजतो, अन् सट्टेवाले त्या काही सेकंदांवर पैसे लावतात. म्हणून त्यांची माणसं तिकीट काढून आत बसतात अन् फोनवर दर चेंडूला पुटपुटत राहतात. असे लोक शोधायला साध्या वेशातले पोलिस स्टँडमध्ये फिरून राहिलेले असतात. तुम्ही घरी म्हाताऱ्या आजोबांना पूर्ण मॅच फोनवर लाइव्ह ऐकवत असाल तर हौस म्हणून ठीक, पण संशय येऊ शकतो. शेजारच्या अनोळखी माणसाला 'जरा फोन दे, माझा बंद पडला' म्हणून फोन देऊ नका, हे मात्र कडक सांगतो. जुगाराचा कायदा आपल्याकडं १८८७ चा आहे अन् अजून चालतो, शिवाय पैशाच्या ऑनलाइन गेमवर ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्रानं वेगळा कायदा आणला, त्यामुळं 'ॲपवर टीम लावतो फक्त' हे आता पूर्वीसारखं राहिलं नाही.

अन् शिव्या. आपल्या नागपुरात बोलण्यात 'बे' असतेच, त्याचं कोणी काही मानत नाही. पण अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला जातीवरून बोललात अन् चार लोकांनी ऐकलं तर अट्रॉसिटी लागते, त्यात अटकपूर्व जामीन मिळत नाही. गर्दीत बाईमाणसाला मुद्दाम धक्का, घाणेरडी कमेंट, यात पण 'मॅचचा माहोल होता' हे उत्तर चालत नाही, अन् चालू पण नये.

परतीच्या रस्त्यावर, प्यायले असाल तर

१०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडला की मोटार वाहन कायद्याचं कलम १८५. 'दोनच बिअर झाल्या' हे मोजमाप मशीनला समजत नाही. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजार दंड किंवा दोन्ही, दुसऱ्यांदा दोन वर्षं किंवा १५ हजार किंवा दोन्ही. अन् ही केस कोर्टात जाते, जागेवर पैसे भरून सुटत नाही. मशीनमध्ये फुंकायला नकार दिला तर वाचाल असं कोणी सांगत असेल तर तो तुमचा दोस्त नाही, नकार दिला अन् वास येत असेल तर वॉरंटशिवाय अटक करता येते अन् मग दवाखान्यात रक्त तपासायला नेतात.

वर्ध्याकडून मॅचला येणारे भरपूर असतात, त्यांना वेगळं सांगतो. वर्धा जिल्ह्यात सत्तरच्या दशकापासून दारूबंदी आहे, गडचिरोलीत १९९३ पासून. नागपुरात दुकानातून बिलावर घेतलेली बाटली डिक्कीत ठेवून जिल्ह्याची हद्द ओलांडली की तीच बाटली गुन्हा होते अन् गाडीसुद्धा जप्त होऊ शकते. मॅच जिंकली म्हणून घरी जाऊन पार्टी करू, हा विचार बुटीबोरीच्या अलीकडंच सोडून द्या.

पोलिसांनी थांबवलं, पहिली दहा मिनिटं

गाडी बाजूला घ्या, बंद करा, खाली उतरा, 'साहेब' म्हणा. वाकायचं नाही, पण आवाज खाली ठेवायचा. नाव-पत्ता खरा सांगा. कोणत्या कारणासाठी थांबवलं ते विचारायचा तुम्हाला हक्क आहे, विचारा, पण एकदाच. ओळख सांगू नका, 'माझे काका अमुक ठिकाणी आहेत' या वाक्यानं सुटलेला माणूस मी पाह्यला नाही, अडकलेले पाह्यले.

मोबाइलनं रेकॉर्ड करायचं की नाही यावर लोक भांडतात. २०२२ मध्ये आपल्याच नागपूर खंडपीठानं सांगितलं की पोलिस ठाणं हे सरकारी गोपनीयता कायद्यातलं 'प्रतिबंधित ठिकाण' नाही, वर्ध्याच्या एका ठाण्यात व्हिडिओ काढणाऱ्यावरचा गुन्हा रद्द केला. म्हणजे नुसतं रेकॉर्ड केलं म्हणून त्या कायद्याखाली गुन्हा होत नाही. पण फोन साहेबांच्या तोंडाजवळ नेऊन 'लाइव्ह जाऊन राहिलो' असं ओरडणं वेगळं. हात लागला, ढकलाढकली झाली, कॉलर ओढली गेली, की न्याय संहितेचं कलम १३२, लोकसेवकाला कामापासून रोखायला बळ वापरणं, दोन वर्षांपर्यंत शिक्षा अन् अजामीनपात्र. जुने लोक याला अजून ३५३ म्हणतात. पाचशे रुपयांच्या पार्किंगवरून सुरू झालेली गोष्ट इथपर्यंत पाच मिनिटांत पोचते, अन् मॅचच्या रात्री ठाण्यात जे पोट्टे बसलेले दिसतात त्यातले बरेच असेच पोचलेले असतात.

पैसे 'वरच्या वर' मागितले तर द्यायचे नाहीत. पावतीशिवाय एक रुपया नाही, मशीनवर चलान करा म्हणा, ऑनलाइन भरतो म्हणा. लाच देणारा पण २०१८ पासून गुन्हेगार धरला जातो, जबरदस्तीनं द्यावी लागली असेल तर सात दिवसांत कळवावं लागते. एसीबीचा, म्हणजे लाचलुचपतवाल्यांचा, नंबर १०६४.

हातात आलेला कागद ओळखा

हे नीट वाचा, बाकी विसरले तरी चालेल.

मशीनमधून निघालेली पावती किंवा मोबाइलवर आलेला मेसेज, त्यावर गाडीचा नंबर, मोटार वाहन कायद्याचं कलम अन् रक्कम आहे, तर ते ई-चलान. भरलं की विषय संपला. यामुळं तुमच्यावर 'गुन्हा दाखल' झाला असं होत नाही. अपवाद दारूसारख्या कोर्टात जाणाऱ्या केसचा.

'अदखलपात्र' लिहिलेलं असेल तर ती एनसी. दोघांची बाचाबाची, किरकोळ चापट, अशा वेळी समोरचा तक्रार देतो अन् पोलिस नोंद करून ठेवतात. मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय त्यात पोलिस तपास करत नाहीत अन् वॉरंटशिवाय अटक पण नाही. घाबरू नका पण एनसीचा नंबर अन् तारीख लिहून ठेवा.

कागदावर ११०/११७ दिसलं, तर ती महाराष्ट्र पोलिस कायद्याखालची कारवाई, सार्वजनिक जागी असभ्य वर्तन. माझ्या चुलतभावाचा कागद हाच होता. दिसायला चलानसारखा किरकोळ, पण ही केस मॅजिस्ट्रेटपुढं जाते अन् तिथं 'कबूल' म्हटलं की दोषी ठरलात. दारू पिऊन धिंगाणा घातला म्हणून दारूबंदी कायद्याचं ८५ किंवा न्याय संहितेचं ३५५ लागलं तरी तसंच. ३५५ मध्ये जास्तीत जास्त चोवीस तास कैद किंवा १ हजार दंड किंवा समाजसेवा एवढंच आहे, अन् ते वाचून माणूस हसतो आणि म्हणतो एवढंच ना, भरून टाकतो. थांबा. आधी वकिलाला विचारा.

बीएनएसएसचं (नागरिक सुरक्षा संहिता, जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेली) १७० किंवा १२६ लिहिलेलं असेल तर ती प्रतिबंधक कारवाई, म्हणजे तुम्ही काही केलं असं नाही, करू शकता अशी भीती. १७० खाली चोवीस तासांच्या वर ठेवता येत नाही. १२६ म्हणजे लोकांच्या भाषेत चॅप्टर केस, तिथं एक वर्षापर्यंत शांतता राखण्याचं बंधपत्र लिहून घेतात. त्या वर्षात परत भांडण केलं तर ते बंधपत्र अंगावर येते, म्हणून किती रकमेचं अन् किती मुदतीचं ते वाचूनच सही करा.

त्याच बीएनएसएसच्या ३५(३) ची नोटीस आली, तर समजा एफआयआर झालेला आहे पण तूर्त अटक नाही, चौकशीला हजर राहा. तारखेला गेलात, सहकार्य केलं, तर लेखी कारण दिल्याशिवाय अटक करत नाहीत. न जाणं ही सगळ्यात मोठी चूक. ही नोटीस नुसती व्हॉट्सॲपवर पाठवणं नियमात बसत नाही असं सर्वोच्च न्यायालयानं २०२५ मध्ये सांगितलं आहे, पण तेवढ्या भरवशावर घरी झोपून राहू नका, वकिलाला दाखवा.

अन् एफआयआर. त्याची प्रत मागा. संवेदनशील प्रकरणं सोडली तर एफआयआर चोवीस तासांत पोलिसांच्या वेबसाइटवर टाकायचा असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१६ चा आदेश आहे, तेव्हा तिथंही शोधता येते. कोणती कलमं लागली ती लिहून घ्या, जामीनपात्र आहेत की अजामीनपात्र यावर पुढची रात्र कुठं जाणार ते ठरते.

कोणत्याही कागदावर सही करायच्या आधी पूर्ण वाचा, मोबाइलच्या उजेडात का होईना. कोऱ्या कागदावर सही नाही. ठाण्याचं नाव, वेळ अन् अधिकाऱ्याचं नाव त्यावर आहे का ते बघा, कारण दुसऱ्या दिवशी घरचे विचारतील कोणत्या ठाण्यात, अन् निम्म्यांना ते सांगता येत नाही.

ठाण्यात नेलं तर

घरच्या एकाला फोन करा, एकालाच, अन् त्याला सांगा बाकीच्यांना घेऊन येऊ नको. वीस दोस्त ठाण्यासमोर जमले की ठाणेदार सोडायच्या मूडमध्ये असला तरी सोडत नाही.

अटक केली असेल तर कारण सांगावं लागते, नातेवाइकाला कळवावं लागते, वकिलाला भेटू द्यावं लागते अन् प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढं न्यावं लागते. गुन्हा जामीनपात्र असेल तर जामीन हा तुमचा हक्क आहे, तो ठाण्यातूनच होतो, त्यासाठी जामीनदार म्हणून आधार कार्ड घेऊन येणारा एक शहाणा माणूस पुरतो. बाईला सूर्यास्त ते सूर्योदय अटक करायची तर महिला अधिकारी अन् मॅजिस्ट्रेटची परवानगी लागते. अठराच्या आतल्या पोराला लॉकअपमध्ये ठेवताच येत नाही, तेव्हा वयाचा पुरावा लगेच मागवा. मार लागला असेल तर मेडिकल तपासणीत डॉक्टरला दाखवा, 'काही नाही, पडलो' असं सांगू नका.

वकील परवडत नसेल तर १५१०० वर फोन करा. विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस सिव्हिल लाइन्सला जिल्हा कोर्टातच आहे. कोठडीत असलेल्या माणसाला, बायांना, अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना कमाई न बघता फुकट वकील मिळतो, हे ठाण्याबाहेर काळा कोट घालून उभे असलेले लोक तुम्हाला सांगणार नाहीत.

चलान आलं, आता भरायचं कसं

महाट्रॅफिकचं ॲप किंवा राज्य सरकारची ई-चलानची वेबसाइट, पत्ता gov.in नं म्हणजे जीओव्ही डॉट इननं संपणारा, तिथं गाडीचा नंबर टाकला की चलान फोटोसकट दिसते. फोटोत गाडी तुमचीच आहे का, जागा तीच आहे का ते बघा. चुकीचं असेल तर तिथंच तक्रार टाकता येते, पार्किंगचा तो फोटो आता जोडा. 'तुमचं आरटीओ चलान थकलं' म्हणून व्हॉट्सॲपवर एपीके फाइल आली तर उघडू नका, मॅचच्या दुसऱ्या दिवशी माणूस घाबरलेला असतो अन् बरोबर दाबतो. पैसे गेलेच तर लगेच १९३०.

थकलेली चलानं राष्ट्रीय लोक अदालतीत तडजोडीत निघतात, वर्षातून काही वेळा भरते, मेसेज येतो. पण दारूची केस त्यात मिटेल असं धरून चालू नका.

कोर्टाची तारीख

सकाळी साडेदहाच्या आधी पोचा, पुकारा झाला अन् तुम्ही चहाच्या टपरीवर असाल तर वॉरंट निघू शकते. साधे कपडे घाला, टीमची जर्सी घालून आलेला एक जण मी स्वतः पाह्यला, साहेब काही बोलले नाहीत पण बघितलं भरपूर. 'कबूल आहे का' या प्रश्नाला उत्तर द्यायच्या आधी विचार करा, तुम्हाला नाही म्हणता येते, वेळ मागता येते, वकील लावायचा आहे म्हणता येते. किरकोळ केस असेल, नोकरीची-पासपोर्टची काही भानगड नसेल, तर कबूल करून मोकळं होणं परवडते पण. माझा मामेभाऊ वकील असून कधी कधी हेच सांगतो. फक्त ते माहीत असून करा.

केस चालू असताना पासपोर्ट काढायचा झाला तर कोर्टाची परवानगी लागते. साध्या ई-चलानचं तसं काही नाही.

फॉर्ममधला तो रकाना

चुलतभावाचं असं झालं की त्या भरतीत नाव कटलं. केस होती म्हणून नाही, लपवली म्हणून. त्यानंतर मामेभावानं त्याला सर्वोच्च न्यायालयाचा २०१६ चा अवतार सिंगचा निकाल समजावून सांगितला. त्यात सरळ लिहिलं आहे की माहिती खरी द्यायची, अन् लहान वयात घोषणा देण्यासारखी किरकोळ बाब असेल तर मालकाला ती माफ करता येते. करायलाच पायजे असं नाही, पण करता येते. मग पुढच्या फॉर्मला त्यानं केस नंबर, कलम, तारीख, दंडाची रक्कम सगळं लिहिलं, सोबत कोर्टाच्या निकालाची नक्कल जोडली. ती नक्कल काढायला तीन वर्षं जुना केस नंबर शोधत तो चार दिवस सिव्हिल लाइन्सला चकरा मारून राहिला, कारण त्या वेळी पावती फेकून दिली होती. तुम्ही दंड भरला की त्याच आठवड्यात नक्कल विभागात अर्ज करा, केस नंबर आठवणीत ताजा असतो, खर्च किरकोळ लागतो. अन् दोन प्रती काढा, एक पडताळणीवाले ठेवून घेतात.